माती न लावलेला दगड

तात्या आमदार झाले तेव्हा आमच्या घरात एकही खुर्ची नव्हती. निकाल कळला त्या दुपारी कणकवलीहून जीप भरून माणसं आली. आईने खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, घोंगड्या अंथरल्या, जेवायला बसायचे पाट मांडले, तरी कोट घातलेले एक वकील शेवटपर्यंत उभेच राहिले, कारण त्यांची विजार मळली असती. दुसऱ्या आठवड्यात चार खुर्च्या आल्या, डझनभर कपबशा आल्या, आणि चुलीवर सकाळची पेज चढायच्या आधी चहाचं आधण चढायला लागलं. मला तेव्हा त्या खुर्च्यांचं फार कौतुक होतं. रोज सकाळी मी त्या फडक्याने पुसायचे, पायांच्या खाचांतली धूळसुद्धा काढायचे. आज कोणी विचारलं तर सांगेन की आमच्या घराला कीड लागली ती त्या चार खुर्च्यांपासून. हे सांगताना माझा आवाज चढतो, मला ठाऊक आहे. चढू दे.

गेल्या महिन्यात दोन तरुण माझ्याकडे आले होते. तात्यांवर स्मरणिका काढायची आहे म्हणाले. ‘शेतकरी ते आमदार’ असं नावही ठरवून आले होते. “आजी, तुम्ही त्यांच्या कन्या. चार गोड आठवणी द्या.” मी त्यांना सोलकढी पाजली आणि वाटेला लावलं. गोड आठवणी माझ्याकडे नाहीत असं नाही, पण त्या सुट्या काढून देता येत नाहीत. एक ओढली की मागून जनाआते येते, कडेवर दगड घेऊन. म्हणून हे प्रकरण मी माझ्यासाठीच लिहिते आहे. गावाचं नाव लिहीत नाही. तिथे अजून माझी भावजय राहते आणि तिला त्याच माणसांत दिवस काढायचे आहेत.

आधीचे तात्या सांगते, म्हणजे माझा राग कशाचा ते कळेल. कंबरेला पंचा, डोक्याला टॉवेल, पायांत काही नाही, आणि पोटऱ्यांपर्यंत चिखल. चौथीपर्यंत शिकलेले, वाचायचे सावकाश, ओळीखाली बोट ठेवून. सकाळी उकड्या तांदळाची पेज, तिच्यात मिठातली कैरी, नाहीतर निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा. पेज ते भुरके मारून प्यायचे. तो आवाज गोठ्यापर्यंत जायचा आणि बैल उठून उभे राहायचे, कारण त्यानंतर जोत बांधायचं हे त्यांनाही माहीत होतं. कूळकायदा आला तेव्हा आसपासच्या वाड्यांतली कुळं तात्यांना घेऊन कचेरीत जायची. तिथे सगळे शुद्ध बोलायला धडपडायचे. तात्या मात्र सरळ म्हणाले होते, “सायबानू, जमीन कोण कसता ता माका इचारू नका, त्या चिखलाक इचारा.” साहेब हसले आणि काम झालं. ती गोष्ट पाचपन्नास वाड्यांत फिरली, आणि त्या एका वाक्यावर पक्षाच्या लोकांनी तात्यांना हेरलं.

आमच्या वाडीत पावसाळी भात कापून झालं की व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या काठच्या कुणग्यांत वायंगण करायचे. कुणगा म्हणजे भातशेतीचा तुकडा, आणि वायंगण म्हणजे उन्हाळी भात. त्यासाठी दर कार्तिकात व्हाळावर बांध घालायचा. घरटी एक माणूस यायचं. दगड, माती, झाडांच्या फांद्या, दोन दिवसांचं काम, आणि दुपारी सगळ्यांना मिळून कुळथाची पिठी आणि भात. अडलेलं पाणी पाटाने काठावरच्या वरच्या कुणग्यांना जायचं. बांधातून जे झिरपायचं ते खाली कोंडीत, म्हणजे डोहात, साठायचं आणि त्यावर खालचे तीन-चार कुणगे भिजायचे. रिवाज असा होता की सगळ्यांत खालचा कुणगा ज्या घराचा, त्या घराने बांधाचा पहिला दगड ठेवायचा. आणि त्या दगडाला माती लावायची नाही. बाकीचा बांध कितीही लिंपा, तो एक दगड कोरडा ठेवायचा. का, ते कोणी विचारत नसे. देवाचा म्हणून, मानाचा म्हणून, चालत आलंय म्हणून.

मी विचारलं होतं. सात-आठ वर्षांची असेन. तात्या मला खांद्यावर घेऊन बांधावर उभे होते, आणि खालून त्या दगडाच्या कडेकडेने पाण्याची बारीक धार निघत होती. मी म्हटलं, तात्या, तिथे भोक राहिलंय. ते म्हणाले, “ता ऱ्हवचाच गो बायो. बांध गळूक व्हयो. जो बांध गळणा नाय, तो खालच्याक उपाशी मारता.” हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं आहे. पुढे जे झालं ते तात्यांना कळत नव्हतं असं कोणी मला सांगू नये.

सगळ्यांत खालचा कुणगा जनाआतेचा होता. ती तात्यांची मोठी बहीण, लग्नानंतर तीन वर्षांत विधवा होऊन माहेरी आलेली. आजोबांनी तिला तो कुणगा आणि आमच्या घरामागचा मांगर, म्हणजे शेतावरचं खोपटं, वेगळं काढून दिलं होतं. ती तिथे एकटी राहायची, आपलं आपण शिजवून खायची, आणि आमच्याकडे आली तर कधी रिकाम्या हाताने आली नाही. दोन मुळे, मूठभर आंबोशी, काहीतरी पदराखाली असायचंच. दर कार्तिकात आंघोळ करून, ठेवणीतलं लुगडं नेसून ती व्हाळावर यायची आणि पहिला दगड ठेवायची. एका वर्षी कोणीतरी कुजबुजलं की विधवेच्या हातचा दगड नको. तेव्हा तात्या पाण्यात उभे होते, ते तिथूनच ओरडले, “बाय रांडाव झाली, तिचो कुणगो नाय झालो. ठेव गो बाय तू.” त्यानंतर तो विषय कोणी काढला नाही.

तर असे तात्या निवडून आले आणि अधिवेशनासाठी मुंबईला जायला लागले. मी सावंतवाडीला मामाकडे राहून मॅट्रिक झाले होते, आणि घरात शुद्ध मराठी लिहिणारी मीच. त्यांची पत्रं मी लिहायचे, भाषणं मी लिहायचे. ते मालवणीत सांगायचे आणि मी त्याचं ‘सदर’, ‘तरी’, ‘नम्र विनंती’ करायचे. रात्री जेवण झालं की पडवीत बसून ते भाषण घोकायचे, ‘आसा’च्या जागी ‘आहे’ म्हणताना जीभ अडखळली की स्वतःच्याच मांडीवर थापट मारायचे. हळूहळू अडखळणं थांबलं. मग चिखल गेला, कोट आला, पांढरी टोपी आली. पाहुण्यांसमोर ते पेज पिईनासे झाले. आई त्यांना मागच्या दाराशी वाडगा नेऊन द्यायची आणि ते उभ्याउभ्या, आवाज न करता प्यायचे. आमदाराला स्वतःच्या घरात पेज चोरून प्यावी लागते, हे मला तेव्हा गमतीचं वाटलं होतं. आईला वाटलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी त्यांनी आमच्या व्हाळावर सिमेंटचा पक्का बांध मंजूर करून आणला. अर्ज मीच लिहिला होता. गाव नाचायचं बाकी राहिलं. दरवर्षीची दोन दिवसांची मोडतोड संपणार, पाटाला भरपूर पाणी येणार. जागा आखायला ओव्हरसियर आले, आमच्या खुर्चीवर बसले, नकाशा पसरला. मी चहा घेऊन गेले तेव्हा तात्या विचारत होते, “तळाला एखादं लहानसं भोक, नाहीतर वीतभर नळ ठेवता येईल का? खाली थोडं पाणी सुटायला हवं.” ओव्हरसियर हसले. म्हणाले, “आमदारसाहेब, गळका बांध सरकार बांधत नाही. नकाशात बदल म्हणजे सगळं परत वर पाठवायचं. मंत्रीमहोदयांची तारीख ठरली आहे. बघा तुम्ही.” तात्यांनी माझ्याकडे बघितलं, मग कपाकडे. मग तेही हसले. ते हसणं मी विसरलेले नाही. कचेरीत चिखलाची साक्ष काढणारा माणूस एका ओव्हरसियरपुढे लाजला, आणि कशाला, तर आपल्याला अडाणी म्हणतील म्हणून. आमची शेतं वरच्या बाजूला होती, पाटावर. तेही इथे लिहून ठेवते.

पायाभरणी कार्तिकातच झाली. व्हाळाच्या काठी झावळ्यांचा मांडव, कर्णा, झेंडूच्या माळा. आमच्या चारही खुर्च्या तिथे नेल्या होत्या आणि शाळेतून आणखी आणल्या होत्या. मंत्री आले. एका तबकात कोरी थापी होती, घमेल्यात कालवलेलं सिमेंट होतं, आणि पाथरवटाकडून घडवून आणलेला गुळगुळीत चौकोनी दगड होता. तात्या त्यांना हात धरून व्हाळात उतरवत होते तेवढ्यात लोकांमध्ये वाट झाली आणि जनाआते आली. ओले केस, ठेवणीतलं लुगडं, आणि कडेवर व्हाळातला काळा दगड, मूल घ्यावं तसा. तिला कोणी बोलावलं नव्हतं. तिला बोलावणं लागतच नव्हतं. दर कार्तिकात ती अशीच यायची. ती थेट पाण्यात उतरली आणि म्हणाली, “रे बाबल, पयलो दगड.” तात्यांना बाबल म्हणणारी जगात ती एकटीच उरली होती.

वाडीतल्या सगळ्यांना रिवाज ठाऊक होता, आणि सगळे तात्यांच्या तोंडाकडे बघत होते. मंत्री शांतपणे उभे होते. त्यांना सांगितलं असतं तर ते बहुधा बाजूला झाले असते, त्यांना काय फरक पडत होता. तात्यांनी ओव्हरसियरकडे बघितलं, वकिलांकडे बघितलं. मग आपल्या सख्ख्या बहिणीला ते अगदी स्वच्छ भाषेत म्हणाले, “बाई, आपण जरा बाजूला उभ्या राहा. कार्यक्रम सुरू आहे.”

आते काही क्षण समजल्यासारखी दिसली नाही. मग हळू आवाजात तिने विचारलं, “कोणाक सांगतंस रे?” तात्या मंत्र्यांकडे वळले. बिल्ला लावलेला एक स्वयंसेवक पुढे झाला, तर तिने त्याला हात लावू दिला नाही, आपणच वळली आणि दगड तसाच कडेवर घेऊन पाण्यातून वर आली. लुगड्याचा काठ भिजून जड झाला होता. ती माझ्यापासून दोन हातांवरून गेली. मी पहिल्या रांगेत बसले होते, खुर्चीवर. मी उठले नाही. मंत्र्यांनी दगड ठेवला, तात्यांनी त्याच्या चारी बाजूंना सिमेंट दाबून दाबून भरलं, आणि मग भाषण झालं. भाषण माझं होतं. ‘शासनाचे पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोहोचले पाहिजे’ हे वाक्य मी लिहिलं होतं आणि त्यावर टाळ्या पडतील हेही मला लिहिताना माहीत होतं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. त्या दिवसाचा राग नुसता तात्यांवर काढून माझी सुटका होत नाही, ती यामुळे.

आतेने तो काळा दगड मांगराच्या दाराशी टाकला आणि त्यावर पाय धुवायला लागली. बोलणं तिने टाकलं नाही. मुळे आणायची, आईशी बसायची. तात्या घरात असले की मात्र यायची नाही.

त्या वर्षी बांधकामामुळे वायंगण कोणीच केलं नाही. पुढच्या वर्षी सगळ्यांनी केलं, आतेनेही केलं. आणि फसगत अशी की सुरुवातीला सगळं छान होतं. कार्तिक-मार्गशीर्षात व्हाळाला पाणी भरपूर, बांधाच्या माथ्यावरून खाली पडत होतं, आतेचा कुणगा इतका हिरवागार होता की येणारेजाणारे थांबून बघत. माघात व्हाळ उतरला. पाणी माथ्याच्या खाली गेलं, आणि जे होतं ते सगळं पाटाने वरच वळलं. खाली एक थेंब येईना. कोंड आटली, तळाचा गाळ भेगाळला, आणि भात नेमकं पोटरीत आलेलं. आते वरच्या घरांतून फिरली: आठवड्यातला एक दिवस पाट बंद ठेवा, पाणी माथ्यावरून सुटेल. त्यांनी ऐकून घेतलं, सुपारी दिली, आणि पाट चालू ठेवला. ती आमच्या घरी आली नाही. मग घागरीने पाणी घालायला लागली. विहिरीवरून कुणग्यापर्यंत सकाळपासून उन्हं तापेपर्यंत आणि उन्हं कलल्यापासून दिवस बुडेपर्यंत तिच्या फेऱ्या चालायच्या. मी चार दिवस तिच्याबरोबर घागरी वाहिल्या. पाचव्या दिवशी तिने मला परत पाठवलं. कुणगा पिवळा पडला होता.

शिमग्याच्या आधीची गोष्ट. तात्या मुंबईहून आले होते आणि खुर्च्यांवर चार जण बसून चहा पीत होते. आते मागच्या दाराने न येता खळ्यातून आली. डोक्यावर भाताचा भारा. दाणा न भरलेलं भात तिने मुळापासून कापलं होतं. पडवीच्या पायरीवर, तात्यांच्या पायांशी तिने तो भारा टाकला. “तुज्या बैलांका घाल,” म्हणाली. मग पदराने तोंड पुसून, अगदी शांतपणे, “बाबल, तुजो बांध बरो झालो हां. एक थेंब गळणा नाय.”

पाहुण्यांपैकी एक जण खूश होऊन म्हणाला, “घ्या साहेब, घरातूनच प्रशस्तिपत्र मिळालं.” बाकीचे हसले. आते निघून गेली. तात्यांनी कप बशीत ठेवला तो आवाज करत ठेवला, आणि त्यांचा चेहरा मला दारातून दिसला. त्या पडवीत तिचं बोलणं समजलेली माणसं दोनच होती, ते आणि मी.

पाहुणे गेल्यावर ते मागच्या दाराशी माझ्याकडे आले. कोट काढला होता. किती तरी दिवसांनी ते माझ्याशी मालवणीत बोलले. “बायो, एक पत्र लिव. बांधाक तळाक नळ घालूक व्हयो म्हणान. मी सही करतंय.” मुंबईत त्यांच्यासाठी लिहायला कारकून होते, पण आपला बांध चुकला हे त्यांना परक्याला सांगायचं नव्हतं. म्हणून मी.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, “मी लिवचंय नाय. माज्या अक्षरात तुमी जितक्या खोटा लिवन घेतलास तितक्या पुरे झाला. थंय मुंबयत उभे ऱ्हवा आणि तुमच्या तोंडान सांगा, माजो बांध चुकलो म्हणान.”

“माका तसा बोलूक येणा नाय गो.”

“आतेक बाजूक करताना बरी इली ती भाषा तोंडात.”

आयुष्यात मी त्यांना असं कधी बोलले नव्हते. वाटलं, आता हात उचलतील. त्यांनी उचलला नाही. कोट परत अंगात घातला आणि ते बाहेर गेले. त्यांनी पुन्हा कधी पत्र लिहायला सांगितलं नाही, मला किंवा आणखी कोणाला. सभागृहात उभे राहून बांधाबद्दल ते बोलले असतील असं मला वाटत नाही. पुढच्या निवडणुकीत ते पडले, पंचा नेसून शेतावर परत आले. पण कार्तिकात त्यांना बांधावर बोलवायला कोणी आलं नाही. बांध पक्का होता, कोणाची गरज नव्हती.

मी त्या दिवशी मात्र विजयाच्या थाटात मांगराकडे गेले. आते अंगणात काजूचे बोंडू पसरून बिया पिळून काढत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, तात्या काय म्हणाले, मी काय म्हटलं, शब्दन् शब्द. मला वाटलं होतं ती मला जवळ घेईल. तिने हातातली बी टोपलीत टाकली. “म्हणजे तो नळ घालूक तयार होतो?” तिने विचारलं. मी हो म्हटलं.

“आणि तू लिवलंस नाय.”

मी समोरचा एक बोंडू उचलला आणि परत राशीत ठेवला.

“तुमी दोगाय सारकीच गो,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. “तो लाजलो, तू रागावलंस. माका पाणी व्हया होता.” मग तिने बोंडूंची रास माझ्यापुढे सरकवली. संध्याकाळपर्यंत मी तिथे बसून बिया काढल्या. चिकाने बोटांची सालं गेली, आठवडाभर पेज खाताना मीठ झोंबत होतं.

आतेने वायंगण परत केलं नाही. ती गेली, मग तात्या गेले. कुणग्यात आता रान माजलं आहे. बांध अजून उभा आहे. काम चोख झालं होतं. ते पत्र सहा ओळींचं झालं असतं.